कोबी, एरंडेल आणि भाऊजींचे रोमन

दुपारी ताईचं पोट दुखायचं थांबलं. दोन दिवस ती गुडघे छातीशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडली होती. एकाएकी तिने पाय लांब केले, उताणी झाली आणि म्हणाली, "यमे, गेलं गं दुखणं. अगदी गेलं." मी पाण्याची घडी पिळत होते. भाऊजी शेजारच्या खोलीतून धावत आले. तिच्या कपाळावर हात ठेवून हसले आणि म्हणाले, "बघ. आबांचं औषध आहे. जरा धीर धरावा लागतो." मग त्यांनी हात धुतले आणि मला पान वाढायला सांगितलं, कारण दोन दिवस त्यांनीही धड खाल्लं नव्हतं. मी आमटी-भात वाढला. ते पोटभर जेवले. मंजूला मांडीवर घेऊन तिलाही चार घास भरवले. घरात बऱ्याच वेळाने कुणीतरी हसत होतं म्हणून मीही हसले. ताईच्या पोटात तेव्हा काय झालं होतं ते मला आता ठाऊक आहे. आत जे सुजलं होतं ते फुटलं होतं आणि पू सगळ्या पोटात पसरत होता. फुटल्यावर थोडा वेळ माणसाला बरं वाटतं, असं मला पुढे एका नर्सने सांगितलं. त्या थोड्या वेळात आम्ही जेवून घेतलं.

ताई म्हणजे शकू, माझी सख्खी थोरली बहीण. भाऊजी तिचे यजमान, मंजू त्यांची मुलगी, पाच वर्षांची. आबा म्हणजे भाऊजींचे वडील, वाईचे वैद्य. आणि हे सगळं घडलं कोलोनमध्ये. भाऊजी तिथल्या विद्यापीठात जुन्या रोमन लोकांवर प्रबंध लिहीत होते. मी आले होते मंजूला सांभाळायला. आम्ही पाच बहिणी. माझी शाळा चौथीनंतर सुटली. घरात धाकट्या होत्या आणि कुणीतरी घरी राहायला हवं होतं. मिसरूड फुटलेल्या मुलांनी गल्लीत घुटमळायला सुरुवात केली तशी आमच्या वडिलांना, अण्णांना, माझी काळजी वाटायला लागली, आणि ताईचं पत्र आलं की एकटीला होत नाही, यमीला पाठवा. कुणाला शिक्षणासाठी पाठवतात, कुणाला नोकरीसाठी. मला पाठवलं ते घरातलं एक ताट कमी व्हावं म्हणून, आणि त्यात मला काही वाईट वाटलं नाही. तिथे निदान ताई होती.

घर तिसऱ्या मजल्यावर, थेट छपराखाली. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. संडास अर्ध्या जिन्यावर. कोळशाची शेगडी फक्त स्वयंपाकघरात, त्यामुळे थंडीत आमचं बसणं, जेवणं, भाऊजींचं वाचणं, मंजूचं रडणं सगळं त्याच खोलीत चाले. तळघरातून कोळशाच्या विटा वर आणायचं काम माझं. खाली कोपऱ्यावर ट्राम वळायची तेव्हा रुळांचा असा काही आवाज व्हायचा की कुणी तव्यावर उलथनं घासतंय. रविवारी चर्चच्या घंटा सुरू झाल्या की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. दुसऱ्या मजल्यावर फ्राउ क्रेमर, म्हणजे क्रेमरबाई, राहायच्या. नवरा लढाईत गेलेला, मूल नाही, दिवसभर रेडिओ. त्या इमारतीत जिना पुसायची पाळी असे. ज्या आठवड्यात तुमची पाळी, त्या आठवड्यात दारावर एक लाकडी पाटी लटकवायची आणि शनिवारपर्यंत आपला जिना झाडून, पुसून, मेण लावून ठेवायचा. पाळी चुकली की फ्राउ क्रेमर वर येऊन उभ्या. ताई त्यांना मागे 'जिनामास्तर' म्हणायची.

खायला कोबी. दुसरी भाजी महाग आणि कोबी डोक्याएवढा, स्वस्त. कोबीची हरभऱ्याची डाळ घालून भाजी, कोबीची पचडी, कोबीचं थालीपीठ, आणि कोथिंबीर मिळत नाही म्हणून कोबीच्याच वड्या. ताईचा हात चांगला होता. खिडकी उघडली की फोडणीचा वास जिन्यात उतरायचा आणि खालून फ्राउ क्रेमर यांचं दार आपटायचं. ताई म्हणायची, "आता त्यांच्या रेडिओला हिंगाचा वास लागला."

जेवताना भाऊजी आम्हाला त्यांचे रोमन सांगायचे. सांगायला दुसरं कुणी नव्हतं. मला वाटायचं, रोमन म्हणजे तलवारी. भाऊजी म्हणाले, तलवारी होत्याच, पण गंमत पुढे आहे. त्यांनी ग्रीक लोकांचा देश जिंकला. मग जहाजं भरभरून तिथले पुतळे आणले, घरात मांडले. तिथले शिकलेले लोक गुलाम म्हणून आणले आणि स्वतःच्या मुलांना शिकवायला बसवले. मुलगा ग्रीक बोलायला लागला की बापाची छाती फुगायची. आणि तोच बाप चारचौघांत म्हणायचा, हे ग्रीक म्हणजे नुसते बडबडे, लाळघोटे, यांच्यात पुरुष कसला. ताईने विचारलं, "मग मुलाला कशाला शिकवायचं त्यांचं?" भाऊजी म्हणाले, "तोच तर माझा प्रबंध आहे." एका रविवारी त्यांनी आम्हाला मोठ्या चर्चशेजारी जमिनीखाली सापडलेली एक फरशी दाखवायला नेलं. लढाईच्या काळात बाँबपासून लपायला खणत होते तेव्हा ती सापडली म्हणे. रंगीत खड्यांची, एका श्रीमंत रोमन माणसाच्या जेवणघराची. तिच्यावर दारू प्यालेला देव, आणि तो देव ग्रीकांचा. भाऊजी कठड्यावर वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. मी बघितलं ते एवढंच की जेवणघर आमच्या आख्ख्या मजल्याहून मोठं होतं.

त्यांचा एक आवडता म्हातारा होता, जुना रोमन, मोठा सरदार. नाव मला सांगितलं होतं पण मी ते डोक्यात ठेवलं नाही. हा म्हातारा ग्रीकांवर फार खार खाऊन. मुलाला त्याने ताकीद दिली होती की ग्रीक डॉक्टरला अंगाला हात लावू देऊ नकोस, त्या लोकांनी आपल्याला औषध देऊन मारायची शपथ घेतली आहे, आणि वर पैसे घेतात ते आपला विश्वास बसावा म्हणून. स्वतः घरच्यांना कोबी द्यायचा. डोकं दुखलं, कोबी. पोट दुखलं, कोबी. कोबी खाणाऱ्या माणसाची लघवी साठवून तिने लहान मुलं धुवावीत म्हणे, मुलं दणकट होतात. ताईने हातातला घास खाली ठेवला. "शी. जेवताना काय हो हे." मंजू टाळ्या पिटत ओरडली, "बाबा, पिपी," आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. मग भाऊजी म्हणाले, "आणि त्याची बायको मेली. मोठा मुलगाही मेला."

"आणि तो?" ताईने विचारलं.

"तो ठणठणीत. पिकून मेला."

"पुरुषांचं बरं असतं," ताई म्हणाली आणि उष्टी काढायला उठली.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. भाऊजींना ती गोष्ट माहीत नव्हती असं कुणी समजू नये. त्यांना ती पाठ होती, आणि ती सांगताना ते हसायचे.

आता मी जिथे राहते ते घर कोलोनमध्येच, नदीच्या अलीकडे, लिफ्टचं. मंजूचं घर. मंजू मला अजून मावशीच म्हणते. तिची मुलगी मीरा मला आजी म्हणते, माझं मराठी सगळं समजून घेते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिला शाळेत लॅटिन आहे. परवा तिला वर्गात रोमन आणि ग्रीकांवर बोलायचं होतं, त्याला इथे रेफराट म्हणतात. ती स्वयंपाकघरात बसून मोठ्याने वाचत होती आणि तो म्हातारा निघाला. इतकी वर्षं कुणी त्याचा विषय काढला नव्हता. म्हणून हे लिहायला बसले.

भाऊजींचे एक प्रोफेसर होते. त्यांच्या हाताखालची एक कायमची जागा भाऊजींना मिळेल असं सगळे धरून चालले होते. प्रोफेसरांनी घरी जेवायला बोलावलं. ताईने दोन दिवस खपून चकल्या केल्या, निळी नारायणपेठ नेसली. मंजूला सांभाळायला म्हणून मीही गेले. मोठं घर, भिंतीला पुतळ्यांची डोकी. चकल्या एका काचेच्या ताटलीत मधोमध ठेवल्या आणि लोक त्या उचलून उजेडात धरून बघत होते. जेवण झाल्यावर प्रोफेसरांनी भाऊजींना उभं केलं आणि संस्कृत श्लोक म्हणायला लावले. भाऊजींनी म्हटले. टाळ्या झाल्या. मग प्रोफेसरांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले. भाऊजीही हसले. त्यानंतर प्रोफेसरांनी एका उंच, सोनेरी केसांच्या पोराला पुढे केलं आणि पुन्हा टाळ्या झाल्या. मला भाषा येत नव्हती, पण ताईचा चेहरा मला वाचता येत होता.

ट्राममध्ये ताईने विचारलं, "जागा त्या पोराला दिली?"

"हो."

"आणि तुम्हाला काय म्हणाले?"

"आमचा छोटा ग्रीक."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

भाऊजी म्हणाले, "रोमन लोक त्यांच्या घरातल्या शिकलेल्या गुलामाला असं म्हणायचे. त्यांना ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. म्हणून तर गंमत."

ताई म्हणाली, "जाऊ द्या. चकल्या संपल्या सगळ्या, एवढं तरी झालं."

ते काही जाऊ देणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून घरात जर्मन शब्द बंद. मंजू बालवाडीत जर्मन शिकून आली होती, तिने दूध मागितलं ते जर्मनमध्ये, तर तिला दूध मिळालं नाही. मराठीत मागितल्यावर मिळालं. जर्मनांचा पाव बंद, लोणी बंद. थंडीत मंजूला ताप आला होता तेव्हा कोपऱ्यावरचे डॉक्टर घरी आले होते. ताईने मंजूच्या कपाळावर सुंठ उगाळून लावली होती. ती डॉक्टरांनी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढली आणि भाऊजींकडे बघून डोळे मिचकावले, आणि भाऊजीही त्यांच्याबरोबर हसले होते. ते हसणं त्यांना आता आठवलं. दिवसभर तेच बोलत होते. "मी त्यांच्याबरोबर हसलो. आबांच्या औषधाला मी हसलो." ताई म्हणाली, "अहो, मूल बरं झालं ना, पुरे की." पण त्यांना पुरे नव्हतं. बाहेर ते प्रोफेसरांचे ग्रीक होते, म्हणून घरात त्यांना रोमन व्हायचं होतं. घरात होतो आम्ही तिघी.

आणि त्याच आठवड्यात ताईचं पोट दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी. सकाळी उलटी झाली. भाऊजी म्हणाले, "त्या प्रोफेसरांकडचं सायीचं खाल्लंस, ते बाधलं." आबांनी वाईहून पाठवलेली एरंडेलाची बाटली होती. सुंठीच्या काढ्यातून त्यांनी स्वतः पाजलं, तिचं नाक धरून. बेंबीभोवती हिंगाचा लेप दिला. मला पाणी तापवायला सांगितलं आणि रबरी पिशवीने शेक. आमच्याकडे पोट दुखलं की हेच करतात. माझी आई हेच करत होती, तिची आईही हेच. दुपारपर्यंत दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि ताईला पाय सरळ करता येईना. अंग तापलं. संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलवा."

"पुसायला?" भाऊजी म्हणाले. "पोट साफ झालं की बरं वाटेल. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा एरंडेल दिलं. ताई शेवटपर्यंत चेष्टेखोर होती. ओठ सुकले होते तरी म्हणाली, "अहो, आता कोबीच द्या मला." तिला काय म्हणायचं आहे ते भाऊजींना कळलं, हे मी बघितलं. चेहरा पडला त्यांचा. मला वाटलं, आता उठतील, कोट घालतील. ते उठले आणि पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसले. मी मागे गेले. "भाऊजी, मी जाऊ का डॉक्टरांकडे? मला घर ठाऊक आहे." ते म्हणाले, "तू काय सांगणार त्यांना? कुठल्या भाषेत?" ते खरं होतं. ते रागावून बोलले असते तर मी भांडले असते. ते अगदी हळू बोलले. मग मी परत ताईपाशी येऊन बसले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दुखणं थांबलं, ते मी वर लिहिलंच आहे.

जेवणं झाली. मी भांडी घासली. ताई शांत पडली होती, डोळे उघडे. तिचे हात थंड वाटले म्हणून मी दुसरं पांघरूण घातलं. पोटावरून हात फिरवला तर पोट पाटासारखं कडक. दाबलंही नाही मी, नुसता हात ठेवला, तर तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुत्र्याच्या पिल्लाचा असतो तसा. भाऊजींना हाक मारली. ते म्हणाले, "वारा धरला असेल."

तेवढ्यात दारावर थाप पडली. फ्राउ क्रेमर. आमच्या दारावर जिन्याची पाटी लटकत होती आणि जिना आठवडाभर पुसला नव्हता. त्या तावातावाने बोलत आत आल्या, बोलता बोलता त्यांची नजर पलीकडच्या खोलीत गेली, आणि त्या थांबल्या. सरळ ताईपाशी गेल्या, तिचं मनगट धरलं, तोंडाकडे बघितलं. लढाईत त्या दवाखान्यात काम करत होत्या, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. भाऊजी काहीतरी सांगायला लागले तर त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. धडाधड जिना उतरून गेल्या, आणि आम्ही वरून ऐकलं, त्या फोनवर ओरडत होत्या. गाडी आली. दोन माणसांनी ताईला त्या न पुसलेल्या जिन्यावरून खाली नेलं. जाताना तिने मला सांगितलं, "मंजूची वेणी घाल. बांधलीच नाही आज कुणी." एवढंच. मोठं काही बोलली नाही.

फ्राउ क्रेमर आमच्याबरोबर दवाखान्यात आल्या. मंजू त्यांच्या मांडीवर झोपली. पोट उघडलं, धुतलं, शिवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, दाढी वाढलेली. त्यांनी भाऊजींना काहीतरी विचारलं. भाऊजींनी उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. भाऊजी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "शकू गेली. त्यांनी फार प्रयत्न केले म्हणतात." मी भाषा शिकले ती त्यानंतर, फ्राउ क्रेमर यांच्याकडे, त्यांच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत. पुरती समजायला लागली तेव्हा एकदा मी त्यांना विचारलं, त्या दिवशी डॉक्टर काय म्हणत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली. म्हणाल्या, अशा पोटदुखीत जुलाब दिला की आतलं फुटतं. डॉक्टर विचारत होते, "हिला जुलाबाचं औषध कुणी दिलं?"

प्रोफेसरांनी फुलं पाठवली. भाऊजी अस्थी घेऊन वाईला गेले, मी आणि मंजूही. अण्णांसमोर, आबांसमोर, पाहुण्यांनी भरलेल्या ओटीवर बसून त्यांनी सांगितलं की जर्मन डॉक्टरांनी मारलं तिला. घरी बरी झाली होती, दुखणं थांबलं होतं, नेली आणि कापली. कुणी शंका घेतली नाही. दुखणं थांबलं होतं, याला तर मीच साक्षीदार. आई म्हणाली, "परक्या लोकांच्या हाती माणूस द्यायचंच नाही." मी तिथेच होते, माजघराच्या दारात, मंजूला घेऊन. तेव्हा मलाही तेच खरं वाटत होतं. आणि तेराव्यानंतर अण्णा मला म्हणाले, "यमे, मंजूला परकी आई नको." आमच्याकडे मोठी गेली की धाकटीला विचारत नाहीत, सांगतात. पुढच्या थंडीत मी पुन्हा त्या तिसऱ्या मजल्यावर आले. स्वयंपाकघर तेच, बाटली तीच, फडताळात. फक्त भाऊजींना आता मी अहो म्हणायचं होतं.

बाटलीतलं एरंडेल मी मोरीत ओतलं. त्यांनी ते बघितलं. पुढच्या संसारात आम्ही जे बोललो नाही ते फार होतं. त्यांना दुसरीकडे नोकरी मिळाली, ग्रंथालयात. प्रबंध झाला नाही. हृदयाला त्रास झाला तेव्हा जर्मन डॉक्टरांनी त्यांची छाती उघडली आणि नीट केली. मोतीबिंदू काढले. गुडघा बदलला. प्रत्येक वेळी ते वेळेवर गेले, अर्धा तास आधीच. आणि दर गणपतीला कुणी आपले लोक जमले की सांगायचे, माझी पहिली बायको इथल्या डॉक्टरांनी मारली. मी पुऱ्या तळत असायचे. भाषा कळायला लागल्यापासून मला खरं ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही कळलेलं होतं. म्हणजे प्रोफेसरांसारखीच गंमत.

परवा मीराने तो म्हातारा वाचून दाखवला. कोबी वाचून ती खूप हसली. "आजी, हा माणूस टोटाल फेरुक्ट होता," म्हणाली. म्हणजे ठार वेडा. मग बायको मेली, मुलगा मेला, तेही वाचलं. मी कोबीच चिरत होते. मी अजून कोबी करते, कोबीने काही केलेलं नाही. मीरा म्हणाली, पुढे ऐक. बायको मेल्यावर त्या म्हाताऱ्याने आपल्या हाताखालच्या माणसाची एक लहान मुलगी मागून घेतली आणि तिच्याशी लग्न केलं. बापाला नाही म्हणायची सोय नव्हती.

"हे तुझ्या आजोबांनी कधी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"आणि ती मुलगी?" मीच पुढे विचारलं. "तिचं पुढे काय झालं?"

मीराने पान उलटून बघितलं. "ते नाही दिलं, आजी. तिला मुलगा झाला एवढंच आहे."

मला मूल झालं नाही. मंजू होती, तेवढी पुरे होती. ताई त्या दवाखान्यात गेली. भाऊजी म्हातारे होऊन, झोपेत गेले. मंजू आहे, मीरा आहे, आणि मी आहे.